अडीचशे फुटी घराचे दोन गुण

माझ्या लॅबच्या दारावर एक कागद लावलेला असायचा. वर 'गुणांचे नियम' आणि खाली एक ते सात. लातूरच्या या कॉलेजात मी एकोणीस वर्षं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवतो आहे, आणि त्यातली अकरा वर्षं तो कागद दारावर होता. उन्हानं अक्षरं उडायची म्हणून दरवर्षी नवी प्रत काढायचो, पण मजकुरात काना-मात्रा बदलला नाही.

नियम साधे होते. अंतर्गत गुण वीस. त्यात दोन चाचण्या, पाच-पाच गुणांच्या, आणि पाच असाइनमेंट, प्रत्येकी दोन गुणांच्या. पास व्हायला आठ लागतात. तिसरा नियम असा, की तास सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी दार बंद. चौथा : कॉपी आढळल्यास शून्य आणि रोल नंबर दारावर. पाचवा : फेरचाचणी नाही. सहावा : मुदतीनंतर आलेल्या जर्नलला शून्य. सातवा मी स्वतःच्या बचावासाठी केला होता : गुणांबाबत कोणीही विनंती करू नये.

हे नियम उगीच झाले नव्हते. मी नोकरीला लागलो तेव्हा एका सीनियरचं जर्नल चाळीस हातांतून फिरायचं. एका मुलीनं तर त्याच्यातली मागच्या वर्षीची तारीखसुद्धा उतरवून काढली होती. प्रॅक्टिकलचे मार्क प्रसादासारखे वाटले जात. ज्यानं की-बोर्डला हात लावला नाही त्यालाही बारा, आणि जी रोज येऊन धडपडली तिलाही बारा. मला ते सहन होईना. आकडा लिहायचा तर त्याच्यामागे काहीतरी असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. घरी बायको म्हणायची, "साखरेच्या डब्यावरपण लावा एखादा कागद. दोन चमच्यांच्या पुढं शून्य." मी हसायचो, पण मला त्या कागदाचा अभिमान होता.

प्रोग्रॅमिंगमध्ये कॉपी पकडणं अवघड असतं. पहिल्या महिन्यात सगळ्यांचे प्रोग्रॅम सारखेच येतात, कारण सगळ्यांनी माझ्या फळ्यावरूनच घेतलेले असतात. म्हणून मी एक युक्ती काढली. दुसऱ्या असाइनमेंटला प्रत्येकानं स्वतःच्या घराच्या खोल्या टेपनं मोजून आणायच्या, लांबी-रुंदी प्रोग्रॅमला द्यायची, प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि घराची बेरीज काढायची आणि ते उत्तर जर्नलात लिहायचं. प्रोग्रॅम सारखा असला तरी घर कसं सारखं असेल? ज्यानं दुसऱ्याचं उतरवलं तो आकड्यात सापडणार. दशांशाचे आकडे साठवायला आम्ही तिसऱ्या आठवड्यात शिकवतो, म्हणून मी सांगितलं, "इंच सोडून द्या. जवळच्या पूर्ण फुटात लिहा." फळ्यावर माझ्या फ्लॅटचं उदाहरण दिलं. हॉल चौदा बाय अकरा, स्वयंपाकघर नऊ बाय आठ, झोपायची खोली अकरा बाय दहा. बेरीज तीनशे छत्तीस.

बासष्ट जर्नलं आली. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर ती पसरून मी सगळ्यांच्या बेरजा एका कागदावर लिहून काढल्या. एकोणसाठ आकडे वेगवेगळे. तीन जर्नलांत मात्र एकच : बारा बाय दहा, दहा बाय दहा, दहा बाय तीन. एकशे वीस, शंभर, तीस. बेरीज अडीचशे.

मला त्या अडीचशेचाच जास्त राग आला. खऱ्या घराची बेरीज इतकी गोल येत नाही, असं माझं गणित. म्हणजे कुणीतरी घर न मोजता आकडे रचले आणि दोघांनी ते उतरवून घेतले.

सोमवारी तिघांना पुढे बोलावलं. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी किल्लारीच्या बाजूची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, पहिल्या रांगेत बसायची. वर्ग भरलेला होता.

"हे आकडे कुणाचे?"

"आमच्या घराचे, सर," ती म्हणाली.

"मग तुझं घर या दोघांच्या जर्नलात कसं गेलं?"

मागून कुणीतरी हसलं. मी विचारलं, "तुम्ही तिघं एका गावचे?"

नाही म्हणाले. तिघांनी तीन गावं सांगितली. नातं? नाही. एकत्र राहता? नाही. एक मुलगा तर म्हणाला, "सर, हिच्याशी मी कधी बोललोबी न्हाई."

"तीन गावं, तीन घरं, आणि फुटाला फूट सारखी?"

"असत्यात की, सर. आमच्याकडं घरं तसलीच हायत," मुलगी म्हणाली.

"तसलीच म्हणजे कसली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी असं का विचारतोय हेच तिला समजत नव्हतं, हे आज मला कळतं. तेव्हा ते मला उद्धटपणाचं वाटलं. "म्हंजे... तसलीच," ती म्हणाली.

"उद्या म्हणशील, सर, मार्कही सगळ्यांना तसलेच द्या."

वर्ग खदखदून हसला. तिचा चेहरा उतरला. तरी ती जागेवर गेली नाही. म्हणाली, "सर, म्या टेपनं मोजलंय. माझ्या पप्पांनी टोक धरलं व्हतं."

"सातवा नियम वाच," मी म्हणालो.

संध्याकाळी तीन रोल नंबर दारावर लागले. 'असाइनमेंट दोन : कॉपी. गुण शून्य.' माझ्या सहीनं.

त्या दोन मुलग्यांचं फारसं बिघडलं नाही. शून्य धरूनही एकाचे चौदा झाले, दुसऱ्याचे बारा. त्यांनी तक्रारही केली नाही. मुलीचं तसं नव्हतं. पहिल्या चाचणीत तिला पाचपैकी चार होते. दुसरीच्या दिवशी ती तापानं पडून होती. पाचवा नियम, शून्य. उरलेल्या असाइनमेंटमध्ये एक, एक, एक, आणि शेवटची एक दिवस उशिरा, म्हणून शून्य. चार आणि तीन, सात. मी बेरीज तीनदा केली. सातच. विद्यापीठाच्या साइटवर गुण भरले आणि कुलूप लावलं. एकदा कुलूप लागलं की आपल्याला ते उघडता येत नाही.

निकाल लागल्यावर ती स्टाफरूमच्या दारात आली. आत आली नाही. विषयात नापास दिसत होती. पुढच्या वर्षी वसतिगृहाची जागा टिकवायची तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले हवेत, असा तिकडचा नियम. तिनं तेवढंच सांगितलं, विनंती केली नाही. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी अंतर्गत परत देता येतं." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी कुठं ऱ्हाऊ, सर?" याचं उत्तर देणं माझं काम आहे असं मला वाटलं नाही. दुसऱ्या सत्रात ती पहिल्या रांगेतून उठून शेवटच्या मशीनवर बसायला लागली. चालू मशीन चोवीस होती, ती चोविसाव्यावर. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी त्याची कुठे नोंद केली नाही.

उन्हाळ्यात निवडणुकीची ड्यूटी लागली. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून औशाच्या पुढे, किल्लारीच्या पलीकडचं एक गाव मिळालं. आदल्या दिवशी दुपारी एसटीनं आम्हाला शाळेपाशी उतरवलं. शाळेतला एक पंखा चालू, एक बंद. यंत्रं मांडून झाली, टेबलं लावली, बाहेर शंभर मीटरची खूण करायला आम्ही टेप आणली होती, ती खूण झाली. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, "या सर, चहा घ्या. उन्हात कशाला उभारलाव?"

मी आत गेलो. पुढे अरुंद ओसरी, मग एक खोली, तिच्या मागे दुसरी. पाणी प्यालो आणि खिडकीतून बाहेर बघितलं. पलीकडे तसंच घर, त्याच्या पलीकडे तसंच. तीच ओसरी, त्याच जागी खिडकी. कुणी पुढे पत्रा वाढवलेला, कुणी वर जिना काढलेला, पण मूळ चौकट एक.

"बाबा, ही घरं सगळी सारखीच आहेत का?"

"सारखीच की. भूकंपानंतर सरकारनं एका साच्यातून काढली. आमची अडीचशे फुटी. जमीन जास्त त्यांची चारशे फुटी, आन् बड्यांची साडेसातशे फुटी. ह्या गावात, त्या गावात, किल्लारीत, समदीकडं हेच." ते हसले. "आमची सून नवी आल्ती तवा दोन बारी शेजाऱ्याच्या रांजणात पाणी भरून आली. तिसऱ्या दिशी आमच्या म्हातारीनं दाराला लाल रंग दिला, तवा कुठं तिला घर घावलं."

मी कप खाली ठेवला. त्या भूकंपाच्या वेळी मी नायगावच्या शाळेत शिकत होतो. आमच्या शाळेतून कपडे गोळा करून पाठवले होते. माझाही एक शर्ट त्यात होता. गावं नव्यानं वसवली हे मला माहीत होतं. सोलापूरच्या एसटीतून त्या रांगा मी कितीतरी वेळा पाहिल्या होत्या. माहीत असलेली गोष्ट मी बेरजेत धरली नव्हती.

शाळेतून टेप आणली. बाबांना म्हणालो, "जरा टोक धरता का?"

"घर विकत घेताव का काय, सर?" असं म्हणत त्यांनी टोक भिंतीला लावून धरलं.

पहिली खोली बारा फूट दोन इंच बाय दहा फूट. दुसरी दहा बाय नऊ फूट अकरा इंच. ओसरी दहा बाय तीन फूट एक इंच. इंच सोडून जवळच्या पूर्ण फुटात लिहिलं तर बारा बाय दहा, दहा बाय दहा, दहा बाय तीन. मी सांगितल्याप्रमाणे लिहिलं तर फरक उरायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशीचं मतदान नीट पार पडलं, सगळे हिशेब जुळले. मला मात्र त्या दोन दिवसांतलं तेवढंच आठवतं, की एका अनोळखी म्हाताऱ्यानं भिंतीला टोक धरलं होतं आणि मला त्या मुलीचं वाक्य ऐकू येत होतं.

परत आल्यावर विभागप्रमुख मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच दुरुस्तीचा फॉर्म काढला. "नोंदीतील चूक, इथं टिक करा. नऊच्या जागी सात पडले म्हणा. दोन गुणांचा प्रश्न आहे."

"पण नोंद बरोबरच आहे. मी सातच दिले होते."

"मग चूक कशात आहे?"

"माझ्यात."

"सर, फॉर्मवर तसा रकाना नाही," त्या म्हणाल्या. रकाने दोनच होते. बेरजेतील चूक आणि नोंदीतील चूक. सोबत गुणवहीच्या पानाची प्रत जोडायची. माझ्या गुणवहीत तिच्या नावापुढे माझ्या शाईत शून्य होतं आणि शेजारी 'कॉपी' असा शेरा. नोंदीतील चूक म्हणायचं तर ते पान नव्यानं लिहावं लागणार. मी ते केलं नाही. शून्य खोडलं, दोन लिहिले, त्या दिवसाची तारीख घातली, खाली कारण लिहिलं आणि ती प्रत घेऊन स्वतः नांदेडला गेलो.

विद्यापीठातल्या कारकुनानं कागद शांतपणे वाचला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "सर, ही नोंदीची चूक होत नाही. तुम्ही गुणच नंतर बदललेत. याला समिती बसेल. पुढची बैठक महिन्याभरानं." वसतिगृहाच्या यादीला एकोणीस दिवस होते. मी तसं सांगितल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मूळ पान दुसरं असलं तर बघा. मग आठवड्यात होतं." त्याचं काही चुकत नव्हतं. निकालानंतर मास्तरांनी गुण बदलू नयेत म्हणूनच तो नियम होता. नियम करणारा मी असतो तर तोच केला असता. नांदेडला गेलो की मी नेहमी नायगावला आईकडे मुक्कामाला जातो. त्या दिवशी स्टँडवरूनच परत फिरलो.

घरी बायकोनं विचारलं, "पान लिहायला किती वेळ लागेल?"

"पंधरा मिनिटं."

"मग तुमचं अक्षर स्वच्छ ठेवायला तिनं एक वर्ष घालवायचं का?"

मी गुणवही मिटली. ती पुन्हा म्हणाली, "चुकीचं शून्य लिहिताना हात थरथरला नाही, आता बरोबर दोन लिहिताना थरथरतोय."

या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. पण मला हेही दिसत होतं, की आकडे रचले म्हणून ज्या मुलीला मी शून्य दिलं, तिच्यासाठी आता मीच आकडे रचायचे होते. शेवटी ठरवलं, तिला सांगावं. हे ठरवणंही चूक होतं की काय, मला माहीत नाही. मोठ्या माणसानं आपलं ओझं लहानाच्या डोक्यावर द्यावं तसं ते होतं.

दुसऱ्या सत्राची प्रॅक्टिकल परीक्षा संपल्यावर ती लॅबमधून बाहेर पडत होती. मी म्हणालो, "तुझं घर मी पाहिलं."

"आमचं?" ती घाबरली. तिला वाटलं असावं, मी घरी तक्रार करून आलो.

"तुमचं नाही. तसलंच. निवडणुकीला गेलो होतो. मोजलं मी. बारा बाय दहा."

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तिनं दाराकडे बोट केलं. "मंग सर, ते?"

तीन रोल नंबरांचा तो कागद नोव्हेंबरपासून तिथंच होता. पिवळा पडला होता, पण वाचता येत होता. सहा महिने मी रोज त्या दारातून आत गेलो होतो. मी हात वर करून तो ओढून काढला.

"काढून काय व्हतंय, सर? समद्यांनी वाचलाय. होस्टेलात मला कॉपीवाली म्हणत्यात. कंगवा मागितला तर म्हणत्यात, आता भांगाचीबी कॉपी करती का." हे सांगताना ती हसल्यासारखं करत होती. "मार्काचं लोक विसरून जात्यात. हे न्हाई विसरत."

मी तिथेच टेबलावर बसून नवा कागद लिहिला. 'असाइनमेंट दोनमध्ये या तीन विद्यार्थ्यांनी कॉपी केलेली नव्हती. त्यांची मोजमापं बरोबर होती. चूक तपासणाऱ्याची होती.' रोल नंबर लिहिले, सही केली, दारावर लावला. तिनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "त्या दोघांचेबी दोन-दोन वाढतील ना?"

माझ्या अर्जात ते दोघे नव्हते. पास झाले होते, म्हणून माझ्या डोक्यातच आले नव्हते.

मग मी तिला दोन्ही वाटा सांगितल्या. नवं पान लिहिलं तर आठवड्यात गुण, वसतिगृह राहील. खरं लिहिलं तर गुण मिळतील, पण यादीनंतर. तिनं घरी विचारून सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी आली.

"पप्पा म्हणले, टेपचं टोक मी धरलं व्हतं, लागलं तर मी येऊन सांगतो कुठंबी. पण खोटं पान नगं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला भ्या वाटतंय, सर. उद्या कुणी तपासलं तर नाव माझंच यील ना? तवा केलं नव्हतं तरी आलं."

मी तिघांचा एकत्र अर्ज केला. घराचा नकाशा हातानं काढून जोडला, मोजमापं इंचासकट लिहिली, आणि फुटात लिहायला मीच सांगितलं होतं हेही लिहिलं. वसतिगृहाच्या अधीक्षिकेकडे जाऊन तिच्यासाठी रदबदली केली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, निकालाच्या कागदावर नापास आहे. मी काय करू? नियम आहे." सातवा नियम लिहिणारा माणूस दारात उभा राहून विनंती करत होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिलेल्या तिला मी ती दिली नव्हती.

यादी लागली, तिचं नाव नव्हतं. त्यानंतर बारा दिवसांनी समिती बसली. तिचे नऊ झाले, मुलग्यांचे सोळा आणि चौदा. ती पास झाली. वसतिगृहात तिच्या जागी दुसरी मुलगी आली होती, तिचंही तिथे राहणं तितकंच गरजेचं असणार.

आता ती गावाहून ये-जा करते. शेहेचाळीस किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. दिवसाला ब्याण्णव. वर्षाचे कामाचे एकशेऐंशी दिवस धरले तर सोळा हजार पाचशे साठ किलोमीटर. हा गुणाकार मी गुणवहीच्या समासात करून ठेवला आहे. तो तिला दाखवलेला नाही.

दुसऱ्या वर्षालाही माझा एक विषय आहे. तिच्या तुकडीचं प्रॅक्टिकल सकाळी आठला. पहिल्या दिवशी ती आली नाही असं समजून मी हजेरी घेतली आणि दार लावलं. दहा वाजता दार उघडलं तर ती बाहेरच्या पायरीवर बसलेली, मांडीवर वही. पहिली एसटीच लातुरात पोचते सव्वाआठला.

"आत का नाही आलीस?"

"आठ दहा होऊन गेले व्हते, सर. नियम हाय ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी दारावर पाहिलं. वरच्या बाजूला सात नियमांचा कागद, खाली मी लिहिलेला दुसरा. दोन्ही जुलैच्या दमट हवेनं कडेला वळले होते. पुढच्या आठवड्यापासून ही तुकडी साडेदहाला घ्यायची असं मी तिला तिथेच सांगितलं. मॅडमना विचारायचं राहिलं होतं. तुकडीतल्या बाकीच्या एकवीस जणांना विचारायचंही राहिलं होतं, आणि त्यांतल्या एकाला दुपारी दुकानात काम असतं, हे नंतर कळलं. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

त्या दिवशी तिनं पायरीवर बसून, मशीनशिवाय, वहीत प्रोग्रॅम लिहिला होता. मी तिच्याशेजारी बसून तो ओळ-ओळ तपासला. बरोबर होता. गुणांच्या रकान्यात दोन लिहिले. हजेरीच्या रकान्यात काय लिहावं हे मला सुचलं नाही. तिथं तिच्या नावापुढे अनुपस्थित असं माझ्याच अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, आणि खाली वर्गाची बेरीजही झाली होती.